मूग गिळण्याची मुदत दुपारी बारा

परराष्ट्र कार्यालयाच्या मसुदा शाखेत एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे रुजवातबाई म्हणतात. कराराच्या दोन भाषांतल्या दोन प्रती टेबलावर समोरासमोर ठेवायच्या, एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ओळीखाली बोट फिरवायचं, आणि दोन्हीकडे तेच लिहिलंय याची खात्री पटली की समासात सही करायची, या कामाला तिथे रुजवात म्हणतात. बाई बोट फिरवणाऱ्या. वाचणारे तीन निवृत्त झाले, चौथ्याचा घसा गेला, बोट तेच राहिलं.

इतकी वर्षं इतकं वाचल्यावर बाईंच्या एक गोष्ट लक्षात आली. देशादेशांतले बरेचसे निर्णय कुणी काही बोलल्यामुळे होतच नाहीत. कुणी काही न बोलल्यामुळे होतात. मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा आणि खाली मुदत घालायची: शुक्रवार, दुपारी बारा. तोवर कुणी लेखी काही कळवलं नाही, तर मसुदा सर्वांना मान्य. सभा नाही, हात वर करणं नाही. कुणी कळवलंच, तर त्याला ‘मौन मोडलं’ म्हणतात आणि मग सगळं पहिल्यापासून.

“म्हणजे सगळ्यांनी मूग गिळून बसायचं,” बाईंच्या नणंदेने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, “आणि बाराला ते पचले असं समजायचं.”

याहून चांगली व्याख्या बाईंना पुढे नऊ वर्षांत सापडली नाही. नऊ वर्षं, कारण अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्यांनी विद्यापीठाच्या राजनयभाषा विभागात नाव घातलं. देश एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलतात, याचा अभ्यास करणारा हा विभाग. तिथे एकाने आयुष्यभर ‘खेद’ आणि ‘तीव्र खेद’ यांतलं अंतर मोजलं आहे. बाईंनी विषय घेतला मौनाचा. कार्यालय सुटल्यावर दफ्तरखान्यात बसून सहाशे चौदा मसुदे तपासले. पाचशे त्र्याहत्तर निमूटपणे पार पडले, एकेचाळिसांचं मौन मोडलं. त्यांतल्या बत्तीस वेळा कुणीतरी हरकत घेतली होती. उरलेल्या नऊ वेळा मात्र कुणी हरकत घेतलीच नव्हती. एखाद्या देशाने मुदतीच्या आत उत्साहाने लिहिलं होतं: फार छान मसुदा, आभारी आहोत.

हे नऊ म्हणजे बाईंचा जीव. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यांच्यावरच आहे. निष्कर्ष पान दोनशे अकरावर: मौन मोडतं ते बोलण्याने, बोलणं गोड की कडू, हे पाहिलं जात नाही. स्तुतीनेही मौन मोडतं.

घरी याचे परिणाम झालेच. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिठ्ठ्या लागू लागल्या. ‘रविवार दुपारी बारापर्यंत लेखी हरकत न आल्यास बैठकीचे पडदे निळे.’ बाईंचे यजमान मोटार शिकवण्याचे वर्ग चालवतात. दिवसभर दुसऱ्याच्या पायांकडे लक्ष देणारा माणूस, कपाटाकडे कधी बघणार? तीन वर्षांत निळे पडदे आले, जुना सोफा गेला आणि त्यांच्या मिश्या काढायचं ठरलं.

“अगं, मिश्यांबद्दल निदान तोंडी विचारायचंस!”

“अहो, चार दिवस लावली होती चिठ्ठी. तुम्ही त्याच दारातून साखर घेत होतात.”

प्रबंध पुरा झाला. बाहेरच्या दोन परीक्षकांचे अनुकूल अहवाल आले. उरली होती विभागाच्या चार जणांच्या समितीची मान्यता. ही समितीही मौनावरच चालते, पण त्यात तत्त्व वगैरे काही नाही, कारण एक खिडकी आहे. करारांचे प्राध्यापक आणि पत्रांचे प्राध्यापक एकाच खोलीत बसत. एकाला खिडकी उघडी लागे, दुसऱ्याला बंद. या विषयावर ‘मोकळी आणि स्पष्ट चर्चा’ झाली. राजनयाच्या भाषेत याचा अर्थ भांडण. त्यानंतर अकरा वर्षं दोघे एका टेबलाशी बसलेले नाहीत. विभागप्रमुख बाईंनी मग सगळाच कारभार मौनावर टाकला. समितीचे चौथे सदस्य एक निवृत्त राजदूत. चाळीस वर्षं तोलूनमापून बोलले, आता निवृत्तीत थांबतच नाहीत.

ठराव बुधवारी बारा वाजता गेला: प्रबंध स्वीकारावा. मुदत शुक्रवार, दुपारी बारा. आणि त्याच शुक्रवारी संध्याकाळी पाचला बाईंची नावनोंदणी संपत होती. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती, तिसरी नियमात नव्हती. पुन्हा नाव घालावं, तर पुढच्या वर्षी बाई निवृत्त होणार, दफ्तरखान्याचा परवाना जाणार, आणि सहाशे चौदा मसुदे कुलपाआड राहणार. आज नाही तर कधीच नाही, असा सरळ हिशेब होता.

शुक्रवारी बाई रजा घेऊन विभागाच्या बाकावर बसल्या. अकरा चाळीसपर्यंत सगळं शांत होतं. अकरा एकेचाळीसला विभागप्रमुखांच्या खोलीतून “अरे देवा!” असा आवाज आला.

राजदूतांनी समितीच्या बाकी तिघांनाही संदेश पाठवला होता. ‘अत्युत्कृष्ट प्रबंध. विशेषतः चौथे प्रकरण. हार्दिक अभिनंदन!’

पाठोपाठ ते स्वतःच जिना चढून आले, हातात फुलं. दोघींचे चेहरे पाहून पायरीवरच थांबले.

“काय झालं? मी काय वाईट लिहिलं? ‘अत्युत्कृष्ट’ लिहिलं!”

“लिहायचंत की साहेब,” विभागप्रमुख म्हणाल्या, “पण बारा वाजून एक मिनिटाने.”

“चौथं प्रकरण वाचलंत ना?” बाईंनी विचारलं.

“दोनदा! म्हणून तर राहवलं नाही.”

बारा वाजून पाच मिनिटांनी विभागप्रमुखांनी बाईंना खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं. त्या व्यवहारी आहेत. “हे बघा, दोन मिनिटांत सुटेल. अभिनंदन म्हणजे काही हरकत नव्हे. तुम्ही या विषयातल्या जाणकार. एक ओळ लिहून द्या की अशा संदेशाने मौन मोडत नाही. मी खाली सही करते. तुम्ही डॉक्टर.”

बाईंनी कागद घेतला. पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं.

“लिहिता येणार नाही.”

“का?”

“पान दोनशे अकरा.”

“अहो बाई, पान दोनशे अकरा तुमचंच आहे!”

“म्हणूनच. मौन मोडलं नाही असं लिहिलं, तर प्रबंध मंजूर आणि चुकीचा. मोडलं म्हटलं, तर प्रबंध बरोबर आणि नामंजूर.”

विभागप्रमुखांनी डोळे मिटून हे एकदा मनाशी घोळवलं. राजदूत फुलं खाली ठेवून म्हणाले, “माझ्या सगळ्या नोकरीत इतका सुंदर पेच पडला नव्हता,” आणि दोघींनी एकदमच त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खुर्चीत बसले.

मार्ग एकच होता. मौन मोडलं की विभागाच्या नियमाप्रमाणे समितीने समक्ष बसायचं, चौघांनी, एका टेबलाशी. प्रत्येकाने किमान एक प्रश्न विचारायचा, हात वर करायचे, सह्या करायच्या, आणि तो कागद पाचच्या आत कुलसचिवांच्या खिडकीवर द्यायचा. राजदूत हजर होते. प्रमुख हजर होत्या. करारांचे आणि पत्रांचे प्राध्यापक गावात कुठे होते कुणास ठाऊक. दोघांचे फोन बंद.

इथे नणंद कामाला आली. खाली गाडीत दादासोबत ती थांबली होती. अठ्ठावीस वर्षं टेलिफोन खात्यात लोकांना जोडून दिल्यावर नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. तिने प्राध्यापकांच्या घरचे नंबर घेतले आणि अकराव्या मिनिटाला वर निरोप दिला: करारवाले बाजारपेठेतल्या दाताच्या डॉक्टरकडे रांगेत, पत्रवाले पालिकेच्या तलावात पोहताहेत.

“वहिनी, चला खाली. दादा, किल्ली.”

“किल्ली गाडीलाच आहे. सकाळी आणून सोडणारा पोरगा परत गेला. चालवणार कोण?” यजमान म्हणाले आणि त्यांनी उजवा हात वर केला. मनगटाला प्लास्टर. गेल्या पंधरवड्यात एका शिकाऊ बाईंनी पुढे जायच्या ऐवजी मागे गाडी घेतली होती आणि मास्तर फाटक उघडायला उतरले होते.

“मी,” नणंद म्हणाली.

“तुझे चौदा धडे झालेत.”

“आज पंधरावा.”

गाडीच्या छतावर ‘शिकाऊ’ अशी लाल पाटी, आणि शिक्षकाच्या पायाशी जास्तीचा क्लच-ब्रेक. कायद्याने सगळं बरोबर होतं. शिकाऊ परवाना नणंदेकडे, शिक्षक शेजारी, प्रबंधाच्या चार प्रती आणि बाई मागे. पहिल्या चौकात गाडी तीनदा बंद पडली. दुसऱ्यात एकदाच. रस्ता ओलांडणाऱ्यांना नणंद खिडकीतून सांगत होती, “थांबा, लाइनवर राहा!” आणि माणसं खरंच थांबत होती.

पत्रांचे प्राध्यापक तलावातून बाहेर यायला तयार नव्हते. बाईंनी कठड्यावरून वाकून सगळं सांगितलं. ते पाण्यात उभे राहून ऐकत होते. टोपी, चष्मा, नाकाला चिमटा.

“तो येणार आहे का?” त्यांनी विचारलं. ‘तो’ म्हणजे करारांचे.

“यावंच लागेल, सर.”

“मग मी येत नाही.”

“सर, हे तुमचं मौन धरू की उत्तर? उत्तर असेल, तर प्रबंधात तुमचं नाव घालून लिहावं लागेल.”

प्राध्यापक निमूटपणे शिडीकडे पोहत गेले.

दाताच्या डॉक्टरकडे तीनला पोहोचले, तेव्हा करारांच्या प्राध्यापकांची दाढ अर्धी कोरून झाली होती. मध्येच सोडता येत नव्हतं. पावणेचारला ते बाहेर आले. डावा गाल बधिर, जीभ बधिर, ओठ स्वतःच्या मर्जीने लोंबत होता. मागच्या सीटवर पत्रांचे प्राध्यापक पाहताच ते दारातच थबकले.

“बसा सर,” यजमान म्हणाले. “मी लग्नाच्या वरातीसुद्धा याच गाडीत पोचवल्यात.”

बाई मधे बसल्या. मांडीवर चार प्रती. अकरा वर्षांनी दोघांत एका हाताचं अंतर उरलं होतं आणि एकाला बोलता येत नव्हतं. ही संधी पत्रांचे प्राध्यापक सोडणार नव्हते.

“अकरा वर्षं मी सांगतोय, खिडकी अर्धी ठेवा! अर्धी! यात न कळण्यासारखं काय आहे?”

“म्म्फ,” करारांचे म्हणाले.

“म्म्फ हे काय उत्तर झालं?”

“अहो सर, मागे भांडू नका,” नणंद ओरडली, “माझा क्लच सुटतो!”

गाडी आचका देऊन पुढे गेली, यजमानांनी पायाखालचा ब्रेक दाबला, चारही प्रती बाईंच्या मांडीवरून सगळ्यांच्या पायांत. वाकून गोळा करता करता बाई सवयीने म्हणाल्या, “सर म्हणताहेत की खिडकीबाबत आपल्या भूमिकेची त्यांनी नोंद घेतली आहे.”

“नोंद घेतली? म्हणजे मान्य नाही! मला शिकवता? ‘नोंद घेतली’वर माझं पुस्तक आहे!”

“मग ‘समाधानपूर्वक नोंद घेतली’ म्हणू?”

करारांच्या प्राध्यापकांनी जोरजोरात मान हलवली. समाधान नाही.

“‘स्वारस्याने नोंद घेतली’?”

करारांचे थांबले. खिडकीबाहेर पाहिलं. मग मान एकदा, अगदी थोडी, खाली गेली.

या वेळी नणंदेनेही मध्ये तोंड घातलं नाही, पण ती वळणावर होती म्हणून. विद्यापीठाच्या फाटकापर्यंत बाईंनी दोघांत तीन कलमं ठरवून घेतली: खिडकी उजवीकडची उघडी, डावीकडची बंद; पाऊस आल्यास दोन्ही बंद; पाऊस आला की नाही, हे विभागप्रमुख ठरवतील. एक कलम करारांच्या प्राध्यापकांनी वाफ धरलेल्या काचेवर बोटाने दुरुस्त केलं.

चार वाजून एकतीस मिनिटांनी चौघे टेबलाशी बसले. विभागप्रमुखांनी खोलीभर नजर फिरवली. ही बैठक इतक्या वर्षांत पहिलीच, हे बोलून दाखवायला वेळ नव्हता. राजदूतांना पहिला प्रश्न दिला. त्यांनी प्रस्तावना सुरू केली. चौथ्या मिनिटाला प्रमुखांनी घड्याळावर टिचकी मारली. प्रश्न आलाच नाही. ‘हे तुम्हाला सुचलं कसं?’ एवढं वाक्य प्रश्न म्हणून लिहून घेण्यात आलं. पत्रांच्या प्राध्यापकांनी ओले केस मागे सारत आभाराच्या पत्रांबद्दल विचारलं. बाईंनी दोन वाक्यांत उत्तर दिलं.

मग करारांच्या प्राध्यापकांनी कागद ओढला. विभागात सगळे त्यांच्या प्रश्नांना घाबरतात. त्यांनी लिहिलं, कागद पुढे सरकवला, आणि वाचायला शेजारी पत्रांचे प्राध्यापक होते म्हणून त्यांनीच तो वाचला.

“‘नऊपैकी सात प्रसंगांत मुदत नव्याने सुरू झाली. दोन प्रसंगांत स्तुतीकडे दुर्लक्ष करून मसुदा मंजूर धरला. हे दोन तुमचा निष्कर्ष पाडत नाहीत का?’ प्रश्न चांगला आहे,” पत्रांचे प्राध्यापक म्हणाले, आणि आपण काय बोललो ते ऐकून दचकले.

“नाही पाडत,” बाई म्हणाल्या. “त्या दोन्ही निर्णयांवर पुढे कुणीतरी बोट ठेवलं. मौन तेव्हाच मोडलं होतं म्हणून निर्णय झालाच नाही, असं म्हणाले. दोन्ही मसुदे परत फिरवावे लागले. एकाला चार वर्षं लागली, एकाला सहा.”

“आजचा प्रसंग धरला तर दहा होतात,” विभागप्रमुख म्हणाल्या. “आजचाही तुमच्याच बाजूने. घाला शेवटी.”

“घालता येणार नाही. यात मी स्वतः गुंतले आहे.”

करारांचे प्राध्यापक बाईंकडे पाहत राहिले. चार वाजून शेहेचाळीस मिनिटं. त्यांनी दुसरा कागद घेतला आणि पुन्हा लिहू लागले. सावकाश, सुवाच्य, दोनदा खोडून. राजदूतांनी काही बोलू नये म्हणून प्रमुखांनी टेबलाखाली त्यांच्या बुटावर पाय ठेवला होता. कागद पत्रांच्या प्राध्यापकांकडे गेला.

“‘पान एकशे अठ्ठ्याण्णव, तळटीप तीन: वर्ष चुकलं आहे.’” त्यांनी कागद उलटला. मागे आणखी होतं. “‘बाकी काही नाही.’”

तीन हात वर गेले. मग चौथा, बधिर गालाचा आधार सोडून.

सह्या झाल्या चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी. कुलसचिवांची खिडकी आवाराच्या पलीकडे, इमारतीला वळसा घालून. नणंदेने गाडी काढते म्हटलं, त्यावर सगळे एकदम “नको!” म्हणाले आणि पळत सुटले. पुढे बाई, मागे प्लास्टरचा हात उंच धरलेले यजमान, ओल्या केसांचे पत्रांचे, गाल धरलेले करारांचे, विभागप्रमुख, आणि सगळ्यांच्या मागे फुलं घेतलेले राजदूत. ते पळता पळताही बोलत होते. आवारातली माणसं भिंतीला टेकून वाट देत होती. कुणाला वाटलं आग लागली, कुणाला वाटलं लग्न आहे.

खिडकीत कारकून खुर्ची टेबलाखाली सरकवत होता. त्याने कागद घेतला, चार सह्यांखाली बोट फिरवलं, नोंदवहीत आकडा टाकला, शिक्का मारला. चार वाजून सत्तावन्न.

“झालं.”

बाई तिथेच उभ्या. “झालं म्हणजे? आणखी काही मुदत वगैरे?”

“कसली मुदत?”

“कुणी हरकत घेतली तर?”

“कोण घेणार? बाई, झालं म्हणजे झालं.”

एकतीस वर्षांत असं वाक्य बाईंसमोर कधी आलं नव्हतं. दुसऱ्या भाषेतल्या प्रतीशी ताडून बघायला काही नव्हतं, समासात सही करायला जागा नव्हती. त्या खिडकीखालच्या पायरीवर बसल्या आणि हसू लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. नणंद धापा टाकत पोहोचली, काय झालं ते न विचारताच सामील झाली. पत्रांचे प्राध्यापक हसले. करारांचे अर्ध्या चेहऱ्याने हसले, अर्धा गंभीर राहिला, आणि ते बघून पत्रांच्या प्राध्यापकांना खांबाचा आधार घ्यावा लागला.

कारकुनाने खिडकी अर्धी ओढली आणि यजमानांना विचारलं, “यांना बरं वाटत नाहीये का?”

“छे, छे,” यजमान म्हणाले. “डॉक्टर आहेत त्या.”